मुंबईहून नाशिकच्या वायनरी बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली, पहाटे पंखा एक नंबरने कमी करावासा वाटू लागला, की मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येक ग्रुपवर कुणीतरी ‘चला, नाशिकला वायनरीला जाऊ’ असं टाकतं. त्यानंतर जे प्रश्न येतात ते दरवर्षी तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

नाशिकला वायनरी म्हणजे सुलाच ना?

सुला सगळ्यांत प्रसिद्ध आहे, पण एकटी नाही. नकाशा डोक्यात नीट बसवून घ्या, कारण निम्म्या सहली इथेच फसतात. सगळ्या वायनरी एका रस्त्यावर ओळीने उभ्या नाहीत.

पहिला पट्टा नाशिक शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला. सुला, यॉर्क, सोमा ही नावं इथली. सुला आणि यॉर्क अगदी जवळजवळ आहेत, आणि २०२१ मध्ये सुलाने यॉर्क विकतही घेतली. दुसरा पट्टा इगतपुरी तालुक्यात, म्हणजे मुंबईकडून येताना नाशिकच्या अलीकडेच. कावनईजवळ व्हॅलोने आहे, मुकणे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून, आणि सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. तिसरा दिंडोरी तालुका. शांदों कंपनीची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन इथे तयार होते आणि मोठमोठ्या कंपन्यांची बरीचशी द्राक्षंही इथूनच येतात. चौथा निफाड-विंचूर, नाशिकच्या पूर्वेला. विंचूरला सरकारने वाईन पार्क काढलं, पण पर्यटकाला रमवणाऱ्या सोयी पश्चिमेकडेच जास्त आहेत.

‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे. मात्र व्हॅली म्हटल्यावर दोन डोंगरांमधली अरुंद दरी शोधत बसू नका. गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातलं हे साधारण ६०० मीटर उंचीचं पठार आहे, मधूनमधून बेसाल्टचे डोंगर उठलेले.

एका दिवसात जाऊन येता येतं का?

येतं, फक्त दोनच वायनरी ठरवा. तीन ठरवल्यात तर तिसरीत पोचेपर्यंत कुणाच्याही जिभेला काही कळत नसतं आणि पोरं मागच्या सीटवर झोपलेली असतात. मला विचाराल तर एक मोठी आणि एक लहान बघावी. मोठ्या ठिकाणी यंत्रसामग्री, गर्दी, सेल्फी. लहान ठिकाणी बोलायला वेळ असलेला माणूस भेटतो आणि प्रश्न विचारता येतात.

रात्री राहणार असाल तर गोष्टच वेगळी. बऱ्याच वायनरींच्या आवारात खोल्या आहेत. शनिवार-रविवारचे दर ऐकून मात्र हात आखडतो. तेच मंगळवारी-बुधवारी गेलात तर पैसे वाचतात आणि जागाही शांत मिळते.

जायचं कसं?

मुंबई ते नाशिक सुमारे १७० किलोमीटर. मोटारीने जाणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा बदल म्हणजे समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा. तो जून २०२५ मध्ये खुला झाला. कसारा घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं दुखणं त्यामुळे टळतं, कारण इथे डोंगराच्या पोटातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. टोल भरावा लागतो आणि दुचाकीला प्रवेश नाही.

पण खरा वेळ घाटात जात नव्हताच. तो जातो माजिवडा, साकेत पूल, राजनोली नाका या भागात. समृद्धी कितीही सुसाट असली तरी ठाणे ओलांडायचं आहेच. घरातून सहाच्या आत निघा. ‘आठला निघू, नाश्ता करून’ म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला आदल्या रात्रीच समज द्या.

ट्रेनने जायचं तर पंचवटी एक्स्प्रेस आपल्या उपयोगाची नाही. ती सकाळी नाशिककरांना मुंबईत आणते आणि संध्याकाळी परत नेते. आपल्याला सकाळी सीएसएमटीहून सुटणारी तपोवन किंवा शिर्डी वंदे भारत सोयीची. उतरायचं नाशिक रोडला. हे स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूरच्या वायनरी दुसऱ्या टोकाला, मध्ये वीसेक किलोमीटर. त्यामुळे टॅक्सीचा खर्च तिकिटाच्या हिशेबात आधीच धरा. अगदीच तिकीट मिळालं नाही तर लोकलने कसारा आणि तिथून नाशिकच्या शेअर टॅक्सी, हा जुना मार्ग अजून चालतो. कंबर मजबूत हवी.

आम्ही थोडीच घेणार आहोत, गाडी चालवली तर चालेल का?

नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे. टेस्टिंगचे पाच-सहा घोट आणि जेवणाबरोबर एक ग्लास झाला की तुम्ही ती केव्हा ओलांडली ते तुम्हालाही कळत नाही. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दिवसभरासाठी चालक ठरवा, नाहीतर ग्रुपमधल्या एकाने न पिण्याचं कबूल करावं आणि बाकीच्यांनी त्याच्या जेवणाचे पैसे भरावेत.

कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. बाकी कधीही गेलात तर वाईन मिळेल, पण बाग दिसेलच असं नाही, आणि बाग न बघता परत यायचं असेल तर वाईन मुंबईतही मिळते.

याचं कारण आपल्याकडच्या छाटणीत आहे. युरोपात वेल थंडीत झोपतो, वसंतात जागा होतो आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षं तोडली जातात. आपल्या हवेत वेलाला झोप अशी लागतच नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तेव्हा वेल अगदी बोडका करतात, म्हणजे नवीन काड्या फुटतात आणि त्या काड्यांत पुढच्या घडांची तयारी होते. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. या छाटणीनंतर घड येतात आणि साडेचार-पाच महिन्यांत तयार होतात. फळ थंडीत पिकवायचं आणि पावसातून वाचवायचं, अशी ही सगळी मांडणी.

नाशिकची थंडी इथे कामाला येते. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपण दर डिसेंबरला वाचतो ना, तीच थंडी. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. नुसतंच गरम असेल तर आंबटपणा उडून जातो आणि वाईन गुळमट होते.

तोडणीचा क्रम साधारण असा: स्पार्कलिंगसाठीची आणि पांढरी द्राक्षं आधी, लाल नंतर. त्यामुळे जानेवारीत गेलात तर शेनिन ब्लांक, सोविन्यों ब्लांकची गडबड दिसेल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शिराझ, कॅबर्नेची. तोडणी पहाटेच सुरू होते, कारण उन्हात तापलेला घड टाकीत गेलेला कुणालाच नको असतो. दहा वाजता आरामात पोचणाऱ्याला रिकामे क्रेट धुताना दिसतात.

पावसाळ्यातही लोक जातात. डोंगर हिरवे, धरण भरलेलं, ढग खाली आलेले, फिरायला छान. वेलावर तेव्हा पानंच पानं असतात, फळ नसतं. एप्रिल-मे मध्ये खुंट आणि तारा बघायला कुणी जाऊ नये.

आपण खातो त्याच द्राक्षांची वाईन करतात का?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा आणि फार थोडे विचारतात. उत्तर: नाही, निदान चांगली वाईन तरी नाही.

नाशिकमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या बागा दिसतात त्यातल्या बहुतेक खायच्या द्राक्षांच्या आहेत. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश. मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर चढवलेले वेल. त्यात मणी मोठा व्हावा म्हणून घडांना जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) देतात, दाटी झाली तर विरळणी करतात, आणि माल बाजारात देखणा दिसावा यासाठी जिवाचं रान करतात. वाईनच्या द्राक्षाला या सौंदर्याची गरज नसते. त्याचा मणी बोराच्या आठळीएवढा बारका, साल जाड, आत बिया. तोंडात टाकलात तर आधी गोडी लागते, मग साल चावताना जीभ आक्रसते. तो तुरटपणाच लाल वाईनला हवा असतो. साल जाड आणि मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. रंग, वास, तुरटपणा सगळं सालीत असतं.

बागेत गेलात की ओळी बघा. वाईनच्या बागेत बहुतेक ठिकाणी वेल सरळ उभ्या तारांवर बांधलेले दिसतील, कुंपणासारखे, डोक्यावर मांडव नाही. घड गुडघ्या-कमरेच्या उंचीवर लोंबत असतात. परवानगी मिळाली तर एक मणी तोडून तो बोटांत चिरडा आणि बी बघा. हिरवी असेल तर अजून वेळ आहे, तपकिरी झाली असेल तर तोडणी जवळ आली. तिथला माणूस खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं उपकरण, काढून त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकेल आणि डोळ्याला लावून आकडा सांगेल. हा आकडा ब्रिक्समध्ये, म्हणजे साखरेच्या मापात असतो. खायच्या द्राक्षाला १८ ब्रिक्स म्हणजे गोड माल. वाईनला २२ ते २४ पर्यंत थांबतात. एका बाटलीला किलोभर, कधी थोडी जास्तच द्राक्षं लागतात.

बरीचशी द्राक्षं वायनरीच्या स्वतःच्या शेतातली नसतात. आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी करार असतो. खायच्या द्राक्षाचा भाव बाजारावर हेलकावे खातो, कराराचा भाव निदान आधी ठाऊक असतो. डावणी आणि भुरी या वेलावरच्या रोगांची धास्ती मात्र दोघांनाही सारखीच. गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की नाशिक जिल्ह्यात रात्री कुणाला झोप नसते. टेस्टिंग रूममध्ये हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं.

हे सगळं सुरू कधी झालं?

महाराष्ट्रात आधुनिक वाईनची सुरुवात नाशिकला नाही, नारायणगावला झाली. शामराव चौगुल्यांच्या इंडाजने १९८० च्या दशकात तिथे फ्रेंच पद्धतीची स्पार्कलिंग वाईन केली. नाशिकचं नाव झालं ते राजीव सामंतांमुळे. अमेरिकेतली नोकरी सोडून ते वडिलोपार्जित जमिनीवर आले, आंबा वगैरे करून पाहिलं आणि १९९७ च्या सुमारास वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. सुलाची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि मग एकामागून एक वायनरी उभ्या राहिल्या. त्यातल्या बऱ्याच टिकल्या नाहीत.

टूरमध्ये काय दाखवतात?

अर्धा-पाऊण तास. द्राक्षं येतात ती जागा, देठ वेगळे करणारं यंत्र, दाब देणारं यंत्र, स्टीलच्या उंच टाक्या, ओकची पिंपं. टाक्यांना बाहेरून थंड पाण्याचं वेष्टन असतं, कारण आंबवताना उष्णता तयार होते आणि ती आवरली नाही तर वास करपतो. गाइडला एकच गोष्ट नीट विचारा: पांढरी आणि लाल वेगळी कुठे होते? पांढरीत आधी रस काढतात आणि नुसता रस आंबवतात. लालमध्ये सालीसकट आंबवतात आणि दाब नंतर देतात. हे टाकीजवळ उभं राहून कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

स्पार्कलिंग दाखवत असतील तर थोडं थांबा. पारंपरिक पद्धतीत बाटलीच्या आत दुसऱ्यांदा आंबवतात, त्यातून बुडबुडे येतात. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून तिची काच एवढी जाड.

द्राक्षं तुडवायला मिळतात का?

हंगामात काही ठिकाणी मिळतात. मोठ्या पिंपात पाय घालून नाचायचं, फोटो काढायचे. मजा येते, पाय दोन दिवस चिकट लागतात. त्या रसाची बाटली नंतर तुमच्या पुढ्यात येणार नाही, खात्री बाळगा.

मला वाईनमधलं काही कळत नाही. हसं होईल का?

शेजारच्या टेबलावरही कुणाला कळत नसतं. ग्लास दांडीला धरा, पांढऱ्या कागदासमोर रंग बघा, हलकेच फिरवा, नाक आत घालून वास घ्या, मग छोटा घोट तोंडात घोळवा. पेरूचा, लिंबाच्या सालीचा, मिऱ्याचा, ओल्या गवताचा, जो वास येईल तो बेधडक सांगा. गाइडने ‘गूजबेरी’ म्हटलं म्हणून आपल्याला तीच जाणवली पाहिजे असं नाही. तुम्हाला रायआवळा वाटला तर रायआवळा म्हणा. ती तुमच्या तोंडातली चव आहे. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात थुंकणं अजिबात असभ्य नाही. आपल्याकडे ‘पैसे दिलेत ना’ म्हणून सगळं संपवायची रीत आहे, तिला त्या दिवशी रजा द्या.

परफ्यूम लावून जाऊ नका. सकाळीच झणझणीत मिसळ खाऊन गेलात तर पुढचा तासभर जीभ कामातून गेली समजा. मिसळ परतताना खा.

मुलांना, आईबाबांना नेलं तर?

नेता येतं. मोठ्या वायनरीत रेस्टॉरंट आणि मोकळी जागा असते. महाराष्ट्रात वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसाठी २५. ओळखपत्र जवळ ठेवा, चेहरा तरुण असेल तर नक्कीच. आईबाबा घेत नसतील तरी बागेत त्यांचा वेळ आपल्यापेक्षा चांगला जातो, विशेषतः त्यांचं लहानपण गावाकडे गेलं असेल तर. छाटणीबद्दल गाइडला ते जे विचारतात ते ऐकण्यासारखं असतं. गुडघे दुखत असतील तर टाक्यांजवळचे लोखंडी जिने टाळा.

वाईन शाकाहारी असते ना?

द्राक्षं आणि यीस्ट, इथवर हो. प्रश्न येतो वाईन नितळ करताना. त्यासाठी कुठे बेंटोनाइट नावाची माती वापरतात, तर कुठे अंड्यातला पांढरा भाग किंवा माशापासून केलेला पदार्थ. तो गाळ नंतर काढून टाकतात, पण ज्यांना हे चालत नाही त्यांनी सरळ विचारावं. घरात जैन मंडळी असतील तर आंबवणं हाच मुद्दा होईल, तिथे माती-अंडं कशाचाच उपयोग नाही.

वाईन म्हणजे दारू नाही म्हणतात, खरं का?

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय सरकारने घेतला तेव्हा यावर पुष्कळ धुरळा उडाला. आकडा बघा: वाईनमध्ये साधारण ११ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, व्हिस्कीत ४२.८, बिअरमध्ये ५ ते ८. शेतकऱ्याचा माल आहे हेही खरं आणि चढते हेही खरं.

ड्राय डेला काय?

बाग दिसेल, ग्लास मिळणार नाही. गांधी जयंती, आषाढी एकादशी लक्षात ठेवा. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही असाच. लाँग वीकेंड बघून बुकिंग करणारे नेमके यातच सापडतात.

त्याच दिवशी त्र्यंबकेश्वर होईल का?

नाशिकहून तीसेक किलोमीटर आहे, त्यामुळे वेळेच्या दृष्टीने जमतं. देवाला आधी जा, वायनरीला नंतर. उलटा क्रम घरच्या मोठ्यांना पटणार नाही आणि मलाही पटत नाही. दर्शनाच्या रांगेचा भरवसा देता येत नाही, म्हणून सोमवार टाळा. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. पर्वणीच्या आसपास वायनरीचा बेत आखू नये, रस्ते तेव्हा आपल्यासाठी नसतात.

बाटल्या घरी आणाव्यात का?

मुंबईत सहज मिळणाऱ्या बाटल्या तिथून उचलून आणण्यात अर्थ नाही. जी फक्त वायनरीतच विकली जाते तिच्याबद्दल विचारा. बिल जपून ठेवा. बाटल्या डिकीत न ठेवता सीटच्या पायाशी, सावलीत ठेवा. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत वाईन अक्षरशः शिजते. आणि नाशिकहून पुढे सापुताऱ्याला जायचा विचार असेल तर बाटली घेऊन जाऊच नका. सापुतारा गुजरातेत आहे आणि तिथे दारूबंदी.

घरी कशी ठेवायची आणि कशाबरोबर घ्यायची?

‘रेड वाईन रूम टेंपरेचरला’ हा सल्ला थंड देशातला. आपली खोली ३० अंशांवर असते, म्हणून लालही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा. पांढरी चांगली गार हवी. कपाटाच्या वर, गॅसजवळ, बाल्कनीत बाटली ठेवू नका. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं जपून ठेवण्याचा खटाटोप न करता वर्षभरात उघडा.

जेवणाचं म्हणाल तर तळलेले बोंबील किंवा कोळंबीबरोबर सोविन्यों ब्लांक छान लागते, कोथिंबीर-लिंबू असलेल्या कशाहीबरोबर सुद्धा. तिखटाबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लांक. मालवणी रश्श्याबरोबर तुरट लाल वाईन घेऊ नका, तिखट आणखी पेटतं. शिराझ भाजलेल्या मटणाबरोबर चांगली.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर पांढरी दोन-तीन दिवस टिकते, लालही तितपतच. स्पार्कलिंग उघडली की त्याच संध्याकाळी संपवायची, त्यामुळे ती उघडायच्या आधी माणसं मोजून घ्या.